ऑलिगोस्फेरिडियम कॉम्प्लेक्स : एका जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट सिस्टची शरीररचना आणि वर्गीकरण

क्रिटेशस काळातल्या सागरी शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचा) नमुना आम्लात विरघळवून उरलेल्या गाळाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की सर्वांत आधी नजरेत भरतात ते काटेरी गोल. नवख्या अभ्यासकाचा हात लगेच चित्रसंग्रहाकडे जातो आणि चित्राशी जुळणारे पहिले नाव वहीत उतरते. या घाईने जितक्या चुकीच्या नोंदी झाल्या आहेत, तितक्या खराब नमुन्यांनीही झाल्या नसतील. हे गोल बहुधा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या सिस्ट, म्हणजे विश्रांतीच्या काळातली आवरणे असतात. काटेरी डायनोफ्लॅजेलेट सिस्टचे नाव काट्यांच्या दिसण्यावरून ठरत नाही. ते काटे शरीराच्या कोणत्या भागावर उभे आहेत आणि कोणत्या भागावर नाहीत, यावरून ठरते. ही गोष्ट एका जातीच्या आधारे सविस्तर दाखवावी, म्हणून येथे ऑलिगोस्फेरिडियम कॉम्प्लेक्स ही जाती घेतली आहे. ती जगभर सापडते, भारतातही सापडते, आपल्या प्रजातीची ती प्रारूप जाती (प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती नमुनेदार जाती) आहे, आणि तिची ओळख नीट पटली की तिच्यासारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजाती वेगळ्या काढता येतात.

परिभाषेबद्दल एवढेच सांगतो की मराठी विश्वकोशाच्या रूढीप्रमाणे या लेखात ‘प्रजाती’ ही वरची पातळी आणि ‘जाती’ ही तिच्याखालची पातळी आहे. ऑलिगोस्फेरिडियम ही प्रजाती, तर ऑलिगोस्फेरिडियम कॉम्प्लेक्स ही जाती.

आपण नेमके काय पाहत आहोत

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव आहेत. त्यांना दोन कशाभिका असतात. त्यांपैकी एक शरीराभोवती आडव्या फिरणाऱ्या खोबणीत बसते आणि दुसरी पोटाकडच्या उभ्या खोबणीतून मागे जाते. आडव्या खोबणीला येथे मेखला म्हटले आहे आणि उभीला सल्कस. अनेक जातींमध्ये पेशीभोवती सेल्युलोजच्या पट्टिकांचे कवच असते. पोहणाऱ्या पेशीचे हे कवच सहसा जीवाश्मरूपात टिकत नाही. टिकते ती सिस्ट, म्हणजे प्रतिकूल काळात विश्रांतीसाठी पेशी स्वतःभोवती तयार करते ते टणक आवरण. अनेक सिस्टांची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या अत्यंत चिवट सेंद्रिय द्रव्याची असते आणि ते खनिज आम्लांनाही दाद देत नाही. ज्या रसायनात खडक विरघळतो त्यात सिस्ट शाबूत राहते. आपली सारी प्रयोगशाळेतली पद्धत या एका गुणावर उभी आहे.

विश्रांतीचा काळ संपला की आतली पेशी भिंतीतल्या ठरावीक जागेचे झाकण उघडून बाहेर पडते. त्या उघडलेल्या जागेला आर्किओपाइल म्हणतात. झाकण कोठेही फुटत नाही. ते पट्टिकांच्या सीमारेषांवरूनच सुटते. त्यामुळे सिस्टवर पट्टिका प्रत्यक्ष दिसत नसल्या, तरी आर्किओपाइलची कडा आणि प्रवर्धांच्या, म्हणजे सिस्टवरच्या काट्यांच्या, जागा या दोन खुणांवरून मूळ पट्टिकारचना वाचता येते.

पायरी पहिली : नमुना निवडणे आणि तयार करणे

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला असल्याने हा जीवाश्म आपल्या दाराशी मिळण्यासारखा नाही. भारतात त्यासाठी कावेरी खोऱ्यातले, विशेषतः तिरुचिरापल्ली आणि अरियलूर परिसरातले सागरी क्रिटेशस खडक पाहावेत. तेथून या जातीची नोंद झालेली आहे. निवड करताना करड्या ते काळपट, बारीक कणांच्या शेलला किंवा मार्लला (चुनामिश्रित चिकणमातीच्या खडकाला) प्राधान्य द्यावे. लालसर, पिवळट किंवा हवामानाने झिजलेला खडक टाळावा, कारण ऑक्सिडीकरणात सेंद्रिय भिंत नष्ट होते. उघड्या पृष्ठावरचा थर खणून काढून आतला ताजा भाग घ्यावा.

साधारणपणे १० ते २० ग्रॅम खडक पुरतो. तो आधी ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ धुवावा, मग वाटाण्याएवढे तुकडे करावेत. त्याची पूड करू नये, कारण पुडीत प्रवर्ध मोडतात आणि पुढे ज्यांच्यावर सारी ओळख अवलंबून आहे तेच हाती राहत नाहीत. पहिल्यांदा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट काढून टाकावे आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. हा टप्पा अर्धवट सोडला, तर पुढच्या टप्प्यात कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि तो काढणे जिकिरीचे होते. त्यानंतर पाण्याने अनेकदा निवळून आम्लता घालवावी आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिकेट विरघळवावे.

हायड्रोफ्लोरिक आम्लाविषयी येथे थांबून सांगणे भाग आहे. ते त्वचेतून आत शिरते, सुरुवातीला वेदना कमी जाणवतात आणि नंतर ऊतींची व हाडांची गंभीर हानी होते; मोठ्या संपर्कात ते जिवावर बेतते. हे काम चालू फ्यूम हूडमध्येच करावे, प्रशिक्षित व्यक्ती सोबत असल्याशिवाय करू नये, योग्य हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि आम्लरोधक ॲप्रन घालूनच करावे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवावे, आणि भांडी प्लास्टिकचीच वापरावीत, कारण काच हे आम्ल खाते. ज्या प्रयोगशाळेत ही सोय नाही तेथे हा टप्पा करूच नये. नमुना सोय असलेल्या ठिकाणी पाठवावा.

सिलिकेट गेल्यावर उरलेला सेंद्रिय गाळ १० किंवा १५ मायक्रोमीटरच्या चाळणीवर धुवावा. खनिज कण फार राहिले असतील, तर सुमारे २.० विशिष्ट गुरुत्वाच्या झिंक ब्रोमाइडच्या किंवा सोडियम पॉलीटंगस्टेटच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज करून हलका सेंद्रिय भाग वेगळा काढता येतो. नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण करण्याचा मोह आवरावा. गाळ खूप काळा असेल तरच, तेही थोडा वेळ आणि नमुन्याचा एक भाग तसाच राखून करावे. सॅफ्रानिनने हलका रंग दिला तर प्रवर्धांची पातळ टोके स्पष्ट दिसतात; गडद रंगाने मात्र भिंतीचे बारकावे झाकले जातात.

चुनखडीतल्या चकमकीचा नमुना असेल तर आम्लाशिवायही पाहता येतो. चकमकीची पातळ, पारदर्शक चिपळी तेलाच्या थेंबाखाली ठेवून पारगामी प्रकाशात पाहिली, की सिलिकेत अडकलेल्या सिस्ट दबल्याविना, तिन्ही मितींत दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी हे जीव पहिल्यांदा पाहिले ते चकमकीतच.

पायरी दुसरी : मध्यकाया आणि भिंत

सुरुवात ४०च्या ऑब्जेक्टिव्हने करावी आणि प्रवर्धांच्या टोकांसाठी १००च्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हकडे जावे. व्यतिकरण-विरोध पद्धतीची सोय असेल तर पातळ भिंतींसाठी ती फार उपयोगी पडते.

ऑलिगोस्फेरिडियम कॉम्प्लेक्सची मध्यकाया, म्हणजे प्रवर्ध वगळून उरणारा मधला भाग, गोल किंवा किंचित लांबट गोल असते आणि तिचा व्यास साधारणपणे ३५ ते ५० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. या कायेवर शिखराकडे किंवा तळाकडे शिंग नसते, आणि पट्टिकांच्या सीमा दाखवणाऱ्या कडाही नसतात. भिंत दोन थरांची असते. आतला थर अखंड असून तो कायेला आकार देतो. बाहेरचा थर दोन प्रवर्धांच्या मधल्या जागेत आतल्या थराला चिकटून असतो आणि प्रवर्धाच्या जागी त्याच्यापासून सुटून नळीसारखा वर येतो. प्रवर्धाच्या बुडाशी फोकस नेऊन हे तपासता येते. नळी पोकळ असते, पण तिचा तळ आतल्या थराने बंद असतो, त्यामुळे नळीची पोकळी आणि कायेची पोकळी एकमेकींना मिळत नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत किंवा बारीक कणीदार असतो.

काया चेपली गेली असेल तर मोजमाप फसवे असते. चेपलेल्या नमुन्यात दोन व्यास मोजावेत आणि नोंदीत तसे लिहावे.

पायरी तिसरी : प्रवर्ध पाहणे

प्रत्येक प्रवर्ध पोकळ नळीच्या आकाराचा असतो, मध्यभागी जवळपास सारख्या जाडीचा आणि टोकाशी फुलून उघडा झालेला. उघड्या टोकाची कडा सरळ कापलेली नसते. तिच्यावर अनेक टोकदार दाते असतात, ते बाहेरच्या बाजूला किंवा खाली वाकलेले असतात, आणि काही दात्यांना पुन्हा दोन फाटे फुटलेले असतात. सदाफुलीच्या फुलाची लांब नळी आणि वर उलगडलेल्या पाकळ्या डोळ्यांसमोर आणल्या, तर या प्रवर्धाचे रूप चटकन लक्षात राहते. लांबी कायेच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक असते आणि बरेचदा जवळजवळ व्यासाएवढी असते.

प्रवर्ध पाहताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत. टोक उघडे आहे की बंद? नळी पोकळ आहे की भरीव? शेजारचे दोन प्रवर्ध बुडाशी किंवा टोकाशी जोडलेले आहेत का? आणि सर्व प्रवर्ध एकाच घडणीचे आहेत, की काही रुंद व काही बारीक अशी वर्गवारी दिसते? आपल्या जातीत टोके उघडी, नळ्या पोकळ, प्रवर्ध एकमेकांपासून सुटे आणि घडण सर्वत्र सारखी असते, फक्त सल्कसजवळचे एक-दोन प्रवर्ध बरेचदा अधिक सडपातळ असतात. हा बारीक फरक पुढे दिशा ठरवताना कामी येतो, म्हणून तो दिसताच वहीत टिपून ठेवावा.

टोके मोडलेली असतील तर जातीचे नाव देऊ नये. केवळ नळ्यांवरून प्रजातीपर्यंत जाता येते, पण या प्रजातीतल्या जाती टोकांच्या घडणीवरूनच वेगळ्या होतात.

पायरी चौथी : आर्किओपाइल

ओळखीतला हा सर्वांत निर्णायक भाग आहे आणि नवशिके सर्वाधिक दुर्लक्ष करतात तेही याच भागाकडे. ऑलिगोस्फेरिडियममध्ये आर्किओपाइल शिखराशी असते. शिखराच्या चारही पट्टिका एकत्र, एकाच झाकणाच्या रूपात सुटतात आणि ते झाकण बहुधा पूर्ण वेगळे होऊन जाते. उरलेल्या कायेवर एक मोठे तोंड दिसते. त्याची कडा गोल नसते, तर नागमोडी व कोनदार असते, कारण ती शिखर पट्टिका आणि त्यांच्या खालच्या पट्टिका यांच्या सीमेवरून गेलेली असते. या कडेवरून खाली उतरणाऱ्या छोट्या चिरा दिसल्या, तर त्या शेजारच्या दोन पूर्वमेखला पट्टिकांमधल्या (मेखलेच्या शिखराकडच्या ओळीतल्या पट्टिकांमधल्या) सीमा असतात. कडेवर एका ठिकाणी सल्कसची खाच असते. ती सापडली की पोटाची बाजू कोणती हे कळले.

झाकण सुटून जाते याचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. पहिला हा, की उघडलेल्या सिस्टवर शिखराचे चार प्रवर्ध नसतातच; ते झाकणासोबत गेलेले असतात. म्हणून प्रवर्ध कमी दिसले की जाती वेगळी, असा निष्कर्ष काढण्याआधी तोंड उघडे आहे का ते पाहावे. दुसरा परिणाम स्लाइडवरच दिसतो. चार लांब प्रवर्ध असलेला एक छोटा, कोनदार कडेचा तुकडा कधीकधी एकटा पडलेला आढळतो. ते झाकण असते. त्याला स्वतंत्र जीवाश्म समजून मोजले, तर एकाच सिस्टची गणना दोनदा होते. संख्यात्मक अभ्यासात काया मोजाव्यात, सुटी झाकणे वेगळ्या रकान्यात ठेवावीत.

तोंड दिसतच नसेल, तर नमुना न उघडलेला आहे की तोंड खालच्या बाजूला दडले आहे, हे फोकस हळूहळू खाली नेऊन ठरवावे. स्लाइड ताजी असून माध्यम अजून घट्ट झाले नसेल, तर कव्हरस्लिपवर सुईने अगदी हलका दाब देऊन नमुना फिरवता येतो.

पायरी पाचवी : दिशा आणि पट्टिकांचा नकाशा

आता कागद-पेन्सिल घ्यावी. छायाचित्र कितीही चांगले असले तरी या टप्प्यावर हाताने काढलेल्या आकृतीला पर्याय नाही, कारण छायाचित्र एकाच फोकसचे असते आणि आपल्याला वरचा पृष्ठभाग व खालचा पृष्ठभाग असे दोन थर एकत्र वाचायचे असतात.

समजा, तोंड आपल्याकडे आहे. सर्वांत वरच्या फोकसला कडेभोवती प्रवर्धांचे एक कडे दिसेल. ते पूर्वमेखला पट्टिकांचे, म्हणजे मेखलेच्या शिखराकडच्या बाजूचे, सहा प्रवर्ध. फोकस थोडा खाली नेला की कायेच्या मध्यावर पोहोचतो. येथे बाह्यरेषा सर्वांत रुंद असते. या पट्ट्यात प्रवर्ध नसतात. मेखलेची जागा मोकळी असणे ही ऑलिगोस्फेरिडियमची मुख्य खूण आहे, म्हणून येथे घाई न करता पूर्ण परीघ फिरून पाहावा. आणखी खाली गेल्यावर पश्चमेखला पट्टिकांचे, म्हणजे मेखलेच्या तळाकडच्या बाजूचे, पाच प्रवर्ध दिसतात. सर्वांत खाली, तोंडाच्या बरोबर विरुद्ध टोकाला, तळपट्टिकेचा एक प्रवर्ध असतो. तळ आणि सल्कस यांच्या दरम्यान, पोटाच्या बाजूला, आणखी दोन प्रवर्ध असतात : एक पश्च अंतर्विष्ट पट्टिकेचा (मुख्य ओळींच्या मध्ये बसलेल्या मागच्या पट्टिकेचा), तो जीवाच्या डाव्या अंगाला, आणि दुसरा सल्कसच्या मागच्या भागाचा.

पट्टिकांना क्रमांक देण्याची कोफॉइड यांची पद्धत आजही वापरात आहे. तिच्यानुसार या जातीचे सूत्र ४′, ६″, ५‴, १ पश्च अंतर्विष्ट, १⁗ आणि सल्कसचा १ असे मांडता येते. यात ′ म्हणजे शिखर, ″ म्हणजे पूर्वमेखला, ‴ म्हणजे पश्चमेखला आणि ⁗ म्हणजे तळपट्टिका. बेरीज १८ येते. झाकण गेलेल्या नमुन्यावर तेच प्रवर्ध १४ असायला हवेत. प्रत्यक्षात एखाददुसरा प्रवर्ध मोडलेला किंवा गाळाच्या कणाआड लपलेला असतो, म्हणून १२-१३ मोजले गेले तरी बिचकू नये. मोकळी जागा नैसर्गिक आहे की तेथे मोडल्याचा व्रण आहे, हे पाहावे. मोडलेल्या नळीच्या बुडाशी एक गोल वर्तुळ उरते. मेखलेच्या पट्ट्यात असे वर्तुळ दिसले तर ती जागा मोकळी नव्हती, तेथे प्रवर्ध होता, आणि मग प्रजातीचाच पुनर्विचार करावा लागतो.

डाव्या-उजव्याचा गोंधळ या टप्प्यावर हमखास होतो. डावे आणि उजवे हे जीवाचे धरावे, पाहणाऱ्याचे नाही; पोटाची बाजू आपल्याकडे असेल तर जीवाचे डावे अंग आपल्या उजव्या हाताला येते. शिवाय जो पृष्ठभाग आपण कायेच्या आरपार पाहतो त्याची आकृती उलटी दिसते. म्हणून वरच्या फोकसची आणि खालच्या फोकसची अशा दोन स्वतंत्र आकृत्या काढाव्यात, प्रत्येकीवर ‘वरून’ किंवा ‘आरपार’ असे लिहावे, आणि मगच त्या एकत्र कराव्यात.

पायरी सहावी : शेजाऱ्यांपासून वेगळे काढणे

सर्वांत जवळचे साम्य हिस्ट्रिकोस्फेरिडियमशी आहे. तेथेही शिखराचे आर्किओपाइल, पोकळ नळ्या आणि उघडी टोके असतात, पण मेखलेवर प्रवर्ध असतात. साहजिकच एकूण संख्या वाढते. फरक एवढाच असला तरी तो संरचनेचा फरक आहे. पेरिसियास्फेरिडियममध्ये मेखलेवरही प्रवर्ध असतात. लिटोस्फेरिडियममध्ये मेखला मोकळी असते, मात्र प्रवर्ध आखूड व रुंद असतात, त्यामुळे बाह्यरेषाच वेगळी दिसते. सिस्टेमॅटोफोरामध्ये एका पट्टिकेवर एक नळी नसून वर्तुळाकार कडेवरून उठणाऱ्या अनेक बारीक प्रवर्धांचा गुच्छ असतो. फ्लोरेंटिनियात प्रवर्धांच्या रुंदीत ठळक फरक असतो. स्पिनिफेराइट्स, अकोमोस्फेरा आणि क्लाइथ्रियास्फेरिडियम यांच्यात झाकण शिखराशी नसून पूर्वमेखला पट्टिकेच्या जागी, पाठीच्या बाजूला असते. आर्किओपाइल आधी पाहिले तर हा सारा गट एका नजरेत बाजूला पडतो.

एकाच प्रजातीतल्या जातींची तुलना टोकांवर करावी. ऑलिगोस्फेरिडियम पल्चेरिममच्या प्रवर्धांची टोके रुंद नरसाळ्यासारखी उघडलेली आणि त्यांच्या भिंती खिडक्या-खिडक्यांच्या, जाळीदार असतात. परफोरेटममध्ये टोकांना छिद्रे असतात. ॲस्टरिजेरममध्ये टोक ताऱ्यासारखे पसरते. कॉम्प्लेक्समध्ये जाळी नसते, फक्त दातेरी कडा असते. क्वचित एखाद्या प्रवर्धावर एखादे छिद्र आढळते. तेवढ्याने जाती बदलू नये. बहुसंख्य प्रवर्ध काय सांगतात ते प्रमाण मानावे, आणि दोन्हींच्या मधला नमुना असेल तर जातीनामाआधी ‘तुलना करा’ अशा अर्थाच्या ‘कॉन्फर’ या लॅटिन शब्दाचे cf. हे संक्षेपचिन्ह लावून मोकळे व्हावे. मधल्या नमुन्यांना ओढूनताणून एका बाजूला बसवण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, आणि पुढच्या अभ्यासकाला त्याचा उपयोगही होतो.

पायरी सातवी : वर्गीकरणातले स्थान

जिवंत आणि जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटांना एकाच चौकटीत आणणारी मांडणी फेन्सम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केली, आणि आज सर्वसाधारणपणे तीच पाळली जाते. तिच्यानुसार आपली जाती डायनोफ्लॅजेलाटा विभागात, डायनोफायसी वर्गात, पेरिडिनिफायसिडी उपवर्गात, गोनिऑलॅकेल्स गणात, गोनिऑलॅकेसी कुलात आणि लेप्टोडिनिऑइडी उपकुलात येते.

ही यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक पातळी नमुन्यावरच्या कोणत्या खुणेतून येते, हे समजून घेणे अधिक मोलाचे आहे. गण ठरतो तो पट्टिकारचनेवरून. गोनिऑलॅकेल्समध्ये तळाकडची मांडणी असममित असते आणि तळाच्या टोकाशी मुख्यतः एक पट्टिका असते; पेरिडिनिएल्समध्ये तळाला दोन पट्टिका असतात आणि आर्किओपाइल बहुधा पाठीकडच्या अंतर्विष्ट पट्टिकेच्या जागी उघडते. आपल्या नमुन्यात तळाशी एकच प्रवर्ध आणि त्याच्या बाजूला पश्च अंतर्विष्ट पट्टिकेचा प्रवर्ध दिसला, तेव्हाच गण ठरला होता. कुल आणि उपकुल मात्र पट्टिकांच्या परस्परसंपर्कावर ठरतात आणि काटेरी सिस्टवर पट्टिकांच्या सीमा उमटत नसल्याने, त्या पातळीवरचे स्थान बरेचसे इतर जवळच्या प्रजातींशी तुलना करून दिलेले असते. स्लाइडवर उपकुलाची खूण शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

नावाचा इतिहास, आणि तो का माहीत हवा

एरेनबर्ग यांनी १८३०च्या दशकात चकमकीतले काटेरी गोल पाहिले आणि त्यांना झँथिडियम या नावाखाली ठेवले. झँथिडियम ही खरी तर गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांची प्रजाती. बाह्य साम्यावरून केलेली ती जोडणी होती. इंग्लंडमध्ये हेन्री हॉप्ली व्हाइट यांनी १८४२ मध्ये अशाच जीवाश्मांवर लिहिताना झँथिडियम ट्युबिफेरममधला एक प्रकार म्हणून ‘कॉम्प्लेक्स’ हे नाव योजले. विसाव्या शतकात ओट्टो व्हेत्सेल आणि जॉर्ज डफ्लांद्र यांच्या कामातून या काटेरी गोलांसाठी ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ हा गट रूढ झाला आणि डफ्लांद्र यांनी आपली जाती हिस्ट्रिकोस्फेरिडियममध्ये नेली. ते नेमके कोणते जीव आहेत, हे मात्र तोवर निश्चित झालेले नव्हते.

विल्यम एव्हिट यांनी १९६१ आणि १९६३ मध्ये दाखवून दिले, की यांपैकी अनेकांचे प्रवर्ध डायनोफ्लॅजेलेटच्या पट्टिकांच्या मांडणीशी जुळतात आणि त्यांच्यावरचे तोंड हे पेशी बाहेर पडण्याचे ठरलेले द्वार आहे. ज्यांचे नाते ठरवता येत नव्हते अशांसाठी त्यांनीच ‘ॲक्रिटार्क’ हा वेगळा गट केला. या विषयातले याहून मोठे पाऊल मला माहीत नाही. त्याआधी काटे मोजले जात होते, त्यानंतर काट्यांच्या जागा वाचल्या जाऊ लागल्या. याच दृष्टीने डेव्ही आणि विल्यम्स यांनी १९६६ मध्ये मेखलेवर प्रवर्ध नसलेल्या जाती हिस्ट्रिकोस्फेरिडियममधून बाहेर काढून ऑलिगोस्फेरिडियम ही नवी प्रजाती स्थापली आणि ‘कॉम्प्लेक्स’ ही तिची प्रारूप जाती ठरवली.

म्हणून संपूर्ण नाव लिहिताना ‘ऑलिगोस्फेरिडियम कॉम्प्लेक्स (व्हाइट १८४२) डेव्ही आणि विल्यम्स १९६६’ असे लिहितात. कंसातले नाव जाती प्रथम वर्णन करणाऱ्याचे, कंसाबाहेरचे तिला आजच्या प्रजातीत आणणाऱ्यांचे. कंस गाळला तर नामकरणाचा इतिहासच चुकतो. ही नावे शैवाले, बुरशी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेखाली येतात. जुन्या संशोधनलेखांत हीच जाती हिस्ट्रिकोस्फेरिडियम कॉम्प्लेक्स या नावाने येते. १९६६ पूर्वीची यादी वापरताना ते ध्यानात ठेवावे, पण त्या नावाखालचा प्रत्येक नमुना आजच्या अर्थाने हीच जाती असेल असे गृहीत धरू नये. चित्र दिले असेल तर मेखलेची जागा स्वतः तपासावी. प्रजातींच्या नावांत बदल होत राहतात, म्हणून प्रसिद्धीपूर्वी जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटांच्या नावांच्या लेंटिन-विल्यम्स सूचीची ताजी आवृत्ती पाहण्याची सवय लावावी.

नोंद आणि कालनिर्णय

प्रत्येक नमुन्यासाठी स्लाइड क्रमांक आणि इंग्लंड फाइंडरचा (स्लाइडवरची जागा दाखवणाऱ्या चौकटी आखलेल्या काचपट्टीचा) निर्देशांक लिहावा. यांत्रिक स्टेजचे आकडे एका सूक्ष्मदर्शकावरून दुसऱ्यावर जुळत नाहीत. कायेचे दोन व्यास, तीन ते पाच अखंड प्रवर्धांची लांबी, दिसलेले प्रवर्ध आणि त्यांपैकी मोडलेले किती, आर्किओपाइल उघडे की बंद, नमुन्याची दिशा आणि टोकांची घडण एवढे एका ओळीत मावते. वरचा, मधला आणि खालचा असे तीन फोकस छायाचित्रात घ्यावेत. मोजमापे एका नमुन्यावर थांबवू नयेत. एकाच थरातले वीस-पंचवीस नमुने मोजले की जातीतली विविधता आणि आपली चूक यांतला फरक स्पष्ट होतो.

ही जाती मुख्यत्वे क्रिटेशसची, म्हणजे सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाची आहे. त्या काळाच्या आरंभीच्या व्हॅलेंजिनियनपासून ती सातत्याने आढळते आणि क्रिटेशसनंतरच्या पॅलिओजीन काळातूनही तिच्या नोंदी आहेत. कालावधी एवढा लांब असल्याने तिच्या एकटीच्या आधारे थराचे नेमके वय सांगता येत नाही. तिच्या सोबतच्या अल्पायुषी जातींकडे पाहावे लागते. उलट बाजूने एक काळजीही घ्यावी. ही भिंत इतकी टिकाऊ असते, की जुना खडक झिजून त्यातल्या सिस्ट नव्या गाळात जाऊन बसू शकतात. पॅलिओजीन नमुन्यात ही जाती मिळाली, तर तिच्या भिंतीचा रंग सोबतच्या सिस्टांपेक्षा गडद आहे का, अतिनील प्रकाशातली तिची दीप्ती वेगळी आहे का, आणि केवळ क्रिटेशसमध्ये आढळणाऱ्या इतर जाती त्याच स्लाइडवर आहेत का, हे तीन मुद्दे तपासल्याशिवाय तिला त्या थराची रहिवासी म्हणून यादीत घालू नये. तिन्ही उत्तरे ‘होय’ आली, तर तिची नोंद ‘पुनर्निक्षेपित’ या वेगळ्या रकान्यात करावी आणि ती मोजणीच्या टक्केवारीतून वगळावी.